बांधावरचं ‘रतनपुरुष’ ओळखायचं कसं? काटेरी अळी दिसली म्हणून फवारणीची घाई नको

जालना : पावसाळ्यात बांधावर, पडीकात आणि माळरानावर गुलाबी-जांभळ्या फुलाचं एक छोटं झाड दिसतं. निंदताना ते सहज उपटलं जातं. याला रतनपुरुष म्हणतात. शास्त्रीय नाव हायबँथस एनिअस्पर्मस. व्हायोलेट कुळातली ही आपल्याकडची वनस्पती आहे. नर्सरीत हिवाळ्यात मिळणारी पॅन्सी याच कुळातली, पण ती बाहेरून आलेली आणि एका हंगामाची.

ओळख अशी पटवा

- उंची : साधारण वीत-दीड वीत.
- पान : अरुंद, लांबट, कडेला बारीक दाते. देठ जवळपास नसतोच.
- फूल : पानाच्या बगलेत एकेकटं. खालची एकच पाकळी मोठी, फावड्यासारखी पसरट. बाकीच्या चार इतक्या बारीक की पटकन दिसत नाहीत. म्हणूनच तमिळमध्ये याला ‘एका पाकळीचं कमळ’ अशा अर्थाचं नाव आहे.
- फळ : छोटं गोल बोंड. वाळलं की तीन फाकी होऊन उकलतं.

फसगत कुठे होते?

उन्हाळी (शरपुंखा) या झाडाचं फूलही जांभळटच असतं. पण उन्हाळीच्या एका काडीवर अनेक पानं समोरासमोर असतात आणि तिला चपट्या शेंगा लागतात. शेंग दिसली, की ते रतनपुरुष नव्हे.

अळीचं काय?

या झाडावर कधी कधी तांबूस, अंगभर काटे असलेल्या अळ्या दिसतात. कपाशीच्या बांधावर अशी अळी दिसली की बोंडअळीच आली असं वाटून पंप काढला जातो. पण ही अळी टॉनी कोस्टर या नारिंगी, काळ्या ठिपक्यांच्या फुलपाखराची असते. ती रतनपुरुष आणि कृष्णकमळाच्या जातीची पानं खाते, कपाशी नाही. गुलाबी बोंडअळीच्या अंगावर असे काटे नसतात, आणि ती बोंडाच्या आत असते. त्यामुळं आधी बोंडं फोडून पाहा, मगच फवारणीचं ठरवा. खात्री होत नसेल तर झाड, पान, फूल आणि अळी यांचे वेगवेगळे, जवळून फोटो काढून कृषी सहायकाला किंवा खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

रतनपुरुष आयुर्वेदात वापरलं जातं, पण नुसत्या फोटोवरून ओळखून घरी काढा करून पिऊ नका. आधी वैद्यांना दाखवा.