मेंदूंतील गाठीचें मूळ

नाशिक शहर मागें टाकून गंगापूर रोडनें पश्चिमेकडे गेलें म्हणजे द्राक्षांचे मळे लागतात. तेथील कोणाही मळेकऱ्यास विचारावें. हरळी वरून कितीही खुरपली तरी पहिल्या सरीबरोबर ती पुन्हां डोकें वर काढते, हें तो सांगेल. मातींत एखादें कांडें राहिलें तरी तेवढें तिला पुरतें. मेंदूंतील दुर्धर गाठीविषयीं हाच धडा शिकावयास वैद्यकास पाऊणशें वर्षें लागलीं.

१९२६ सालीं हार्वे कुशिंग व पर्सिव्हल बेली या अमेरिकन शल्यविशारदांनीं मेंदूच्या आधारपेशींच्या गाठींचें वर्गीकरण प्रसिद्ध केलें. गर्भावस्थेंत मेंदूच्या पेशी ज्या पायऱ्यांनीं प्रौढ होतात, त्या पायऱ्यांशीं त्यांनीं गाठींतील पेशी ताडून पाहिल्या. पुढील शोधाचें बीज या विचारांत होतें. परंतु तांतडीचा प्रश्न गाठ काढण्याचा होता. १९२८ सालीं बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनीं टोकाचा उपाय जाहीर केला : मेंदूचा उजवा गोलार्धच काढून टाकावयाचा! एवढें करूनही रोग कायमचा हटला नाहीं. कारण रोगट पेशी दृश्य गाठीच्या पलीकडे आधींच पांगलेल्या असतात.

पुढें शस्त्राच्या जोडीस किरण आले, औषधें आलीं. ग्लायोब्लास्टोमा या सर्वांत घातक गाठीवरील एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २००५ सालीं प्रसिद्ध झाला. केवळ किरणोपचार घेणाऱ्यांपैकीं निम्मे रोगी १२.१ महिन्यांहून अधिक जगले. टेमोझोलोमाइड या औषधाची जोड मिळतांच ती मर्यादा १४.६ महिन्यांवर गेली. हा लाभ खरा. पण गाठ परत कां येते, हा प्रश्न उरलाच.

त्याचें एक उत्तर टोरांटोहून आलें. तेथील शीला सिंग व पीटर डर्क्स यांनीं गाठींतील पेशी सीडी १३३ या खुणेवरून निवडून वेगळ्या केल्या. २००४ सालीं त्यांनीं दाखविलें कीं, खुणेच्या अवघ्या १०० पेशी प्रतिकारशक्तिहीन उंदराच्या मेंदूंत नवी गाठ उभी करतात. बिनखुणेच्या १ लक्ष पेशींसही तें साधत नाहीं. या मोजक्या पेशींस कर्करोगाच्या मूळपेशी म्हणतात. २००६ सालीं आणखी एक गोष्ट उघडकीस आली : किरणांनीं झालेली इजा या पेशी इतरांपेक्षां अधिक तत्परतेनें दुरुस्त करून घेतात.

या शोधमालिकेंत महाराष्ट्रही मागें नाहीं. पुण्यास जन्मलेल्या कमल रणदिवे यांनीं बाल्टिमोरास जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी वाढविण्याचें तंत्र आत्मसात केलें आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्यें ऊतिसंवर्धनाची देशांतील पहिली प्रयोगशाळा उभारली. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रांत अंजली शिरास व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मानवी गाठींतून मिळविलेल्या संथ, निरुपद्रवी पेशी संवर्धनांत आपोआप पालटून उग्र मूळपेशी कशा होतात, हें २००७ सालीं मांडलें. खारघरच्या टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रांत २०१५ सालीं किरणांतून वांचलेल्या पेशींचा माग काढण्यांत आला. त्या एकमेकींत मिसळून तग धरतात आणि पुढें पुन्हां वाढूं लागतात, असें दिसून आलें.

येथें मात्र हरळीचा दृष्टान्त अपुरा पडतो. हरळीचें तुटलेलें पातें पुन्हां मूळ होत नाहीं. गाठींतील साधी पेशी कधीं कधीं मूळपेशीचें रूप परत घेते. सीडी १३३ ची खूण नसलेल्या कांहीं पेशीही गाठ निर्माण करतात, असें पुढें आढळलें. शिवाय निरोगी मेंदूच्याही स्वतःच्या मूळपेशी असतात. त्यांस धक्का न लावतां रोगट मूळपेशींवर घाव घालणें ही मोठी अडचण आहे. म्हणूनच असें एकही औषध अद्याप या गाठीच्या नित्याच्या उपचारांत येऊं शकलेलें नाहीं.

तथापि या ज्ञानाचें मोल थोडें नाहीं. गाठ किती लहान झाली, हीच पूर्वी उपचाराची कसोटी मानली जाई. आतां मागें काय उरलें, हेंही विचारलें जातें. छायाचित्र स्वच्छ दिसूं लागल्यावरही डॉक्टर औषध चालू ठेवतात, ठराविक मुदतीनें पुन्हां तपासणीस बोलावतात, याचें कारण हेंच होय. खुरपणीनंतर मळेकरीही घरीं स्वस्थ बसत नाहीं. दर आठवड्यास तो वाफ्यांतून फेरी मारतो.