छापील पानांचा बँड

कॉन्सर्ट बँडने काय वाजवायचं हे कोण ठरवतं, असं विचारलं तर उत्तर सोपं वाटतं: बँडमास्तर. त्याने कपाट उघडायचं, वादकांचा वकूब आणि श्रोत्यांची आवड पाहायची आणि चार-सहा रचनांची पानं काढून वाटायची. पण ब्रिटन-अमेरिकेतल्या बँडचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर ही निवड बहुतेक वेळा त्याच्या हाती येण्याआधीच होऊन गेलेली दिसते. ती प्रकाशकाने केलेली असते. कपाटात जे छापून आलं त्यातूनच बँडमास्तर निवडणार, आणि काय छापायचं हे संगीताच्या गुणावर जितकं ठरलं त्याहून जास्त ते किती बँडना विकता येईल यावर ठरलं. बँडचा जो आवाज आपण त्याचा स्वभाव मानतो, त्यातलाही मोठा भाग या पानांनीच घडवला, असं माझं म्हणणं आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश पलटणींचे बँड अधिकाऱ्यांच्या वर्गणीवर चालत. बँडमास्तर पुष्कळदा भाड्याने आणलेला जर्मन किंवा इटालियन असे. वाद्यं प्रत्येक पलटणीच्या ऐपतीप्रमाणे, आणि संगीत बरंचसं हाताने उतरवलेलं. 1854 साली क्रिमियाच्या युद्धाच्या वेळी, तुर्कस्तानातल्या स्कुटारीला राणीच्या वाढदिवसाचं संचलन झालं आणि सगळ्या बँडनी एकदम राष्ट्रगीत धरलं, तर म्हणे प्रत्येकाची मांडणी वेगळी आणि पट्टीही वेगळी. ही गोष्ट सांगता सांगता रंगली असेल, पण 1857 मध्ये ट्विकनमजवळ नेलर हॉल इथे लष्करी संगीताची शाळा निघाली ती अशाच गोंधळाला कंटाळून. या शाळेचं श्रेय सगळे सांगतात. त्याआधीच कामाला लागलेल्या कार्ल बूझे नावाच्या जर्मन बँडमास्तरचं नाव मात्र क्वचित निघतं. लंडनच्या गार्ड्स पलटणीत असताना त्याने 1840 च्या दशकात बँडसाठी ‘जर्नल’ सुरू केलं. पलटणीने वर्गणी भरायची आणि ठरावीक काळाने एकेका रचनेचे सगळ्या वाद्यांचे पार्ट घरपोच घ्यायचे. हे पार्ट एका ठरावीक वाद्ययादीसाठी असत. त्या यादीतलं वाद्य पलटणीकडे नसेल तर तेवढा कागद वाया, म्हणजे पुढच्या खरेदीत ते वाद्य आलंच. शाळेच्या हुकमाने जे व्हायचं ते वर्गणीने आधीच होऊ लागलं होतं. पुढे हे जर्नल छापणाऱ्या बूझी या प्रकाशनसंस्थेने 1868 मध्ये डिस्टिन हा वाद्यांचा कारखाना विकत घेतला, तेव्हा तर कागद आणि पितळ एकाच दुकानात मिळू लागलं.

यावर पहिला आक्षेप असा: त्या जर्नलांत ऑपेरातले वेचे, ओव्हर्चर आणि वॉल्ट्झ भरलेले असत ते लोकांना तेच हवं होतं म्हणून, यात प्रकाशकाचा काय दोष? दोष कोणाचाच नाही. ज्या गावात ऑर्केस्ट्रा नव्हता तिथे व्हेर्दी आणि वाग्नर लोकांनी बागेतल्या बँडकडूनच ऐकले, आणि हे उपकार लहान नाहीत. पण लोकांच्या आवडीने फार तर कोणत्या चाली आल्या हे समजतं. त्या कशा मांडल्या गेल्या, हे समजत नाही. प्रकाशकाला तोच संच वीस वादकांच्या बँडलाही विकायचा होता आणि पन्नासांच्याही. म्हणून ओबोचा एकल तुकडा क्लॅरिनेट किंवा कॉर्नेटच्या पानावरही बारीक अक्षरात छापायचा, म्हणजे ओबोवाला नसला तरी अडत नाही. प्रत्येक महत्त्वाचा आवाज दोघा-तिघांना वाटून द्यायचा. कोणीही गैरहजर राहिलं तरी भोक पडू नये अशा बेताने लिहिलेलं संगीत सगळे हजर असताना दाट आणि धूसर वाजणारच. समीक्षकांनी याला बँडची मर्यादा म्हटलं. ती बऱ्याच अंशी छपाईच्या हिशेबाची मर्यादा होती. पूर्ण स्कोअरही सहसा छापत नसत. मास्तरापुढे दोन-तीन ओळींत आटवलेला सारांश, नाही तर पहिल्या कॉर्नेटचं पान.

गुस्ताव्ह होल्स्टचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. ऋग्वेदातल्या सूक्तांसाठी संस्कृत शिकलेला, ‘सावित्री’वर ऑपेरा लिहिणारा हाच तो होल्स्ट. ऐन उमेदीत त्याने पोटासाठी ट्रॉम्बोन वाजवला होता, त्यामुळे ही वाद्यं त्याला आतून ठाऊक होती. 1909 मध्ये त्याने बँडसाठी मुद्दाम पहिला स्वीट लिहिला. आज त्याला या क्षेत्रातली पायाभूत रचना मानतात. पण त्यातही कित्येक पार्ट ‘असले तर वाजवा’ अशा स्वरूपाचे आहेत, म्हणजे इतका मोठा रचनाकारही लहान बँडची सोय सोडू शकला नाही. त्याचं नोंद सापडणारं पहिलं वादन 1920 मधलं, नेलर हॉलचं, आणि छपाई 1921 ची. मधली बारा वर्षं बँडमास्तर चांगली स्वतंत्र रचना नाही म्हणून खंत करत होते आणि ती तयार होती. फक्त कपाटात नव्हती.

दुसरा आक्षेप अमेरिकन बँडमास्तर आणि रचनाकार सूसाच्या उदाहरणावरून येतो. 1892 ते 1931 तो स्वतःचा पगारी बँड घेऊन फिरला आणि हवं ते वाजवलं. न्यूयॉर्कच्या रंगमंचावर ‘पार्सिफाल’ येण्याआधी त्यातले वेचे त्याने श्रोत्यांना ऐकवले. खरंच आहे. पण त्याच्या पदरी मांडणी करून देणारी माणसं होती. ज्यांच्याकडे ती नव्हती त्यांच्यापर्यंत सूसा पोचला तो मार्चच्या रूपाने: वाद्यालाच अडकवता येईल एवढं पान, किंमत कमी. (मार्च उत्तमही होते, हे नाकारायचं कारण नाही.)

उलट बाजूने रचनाकार शोनबर्गचं उदाहरण पाहा. 1943 मध्ये शर्मर या प्रकाशनसंस्थेच्या कार्ल एंगेलने त्याच्याकडून बँडसाठी रचना मागितली. नजर अमेरिकेतल्या असंख्य शाळाबँडवर होती. शोनबर्गने जे दिलं ते शाळांना झेपेना. शेवटी 1944 मध्ये बॉस्टनला त्याचं ऑर्केस्ट्रासाठी केलेलं रूप आधी वाजलं, आणि मूळ बँडचं रूप 1946 मध्ये गोल्डमन बँडने वाजवलं. रचनाकार मोठा, प्रकाशक राजी, तरी गिऱ्हाइकाच्या मापात बसेना म्हणून रचना ताटकळली.

माझ्या म्हणण्याला खरा छेद देतो तो फ्रेडरिक फेनेल. 1952 मध्ये त्याने ईस्टमन संगीतशाळेत एका पार्टला एकच वादक या तत्त्वावर विंड आँसाँब्ल उभा केला आणि जगभरच्या सुमारे चारशे रचनाकारांना पत्रं धाडली: तुम्हाला हवं तसं लिहा, वाद्यं आम्ही जुळवू. बारीक अक्षरातल्या पर्यायी सुरांची गरजच संपली. यादी लेखकाने ठरवायची, दुकानाने नाही. पण ही मोकळीक विद्यापीठांना परवडली. शाळांसाठी प्रकाशकांनी काठिण्याच्या पायऱ्या लावल्या, आणि आज तिथला शिक्षक आधी पायरी पाहतो, मग रचना.

आपल्याकडे हा कागद इंग्रजी पलटणींबरोबर आला. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये नोटेशन वाचायला शिकलेली मुलं मुंबईच्या पोलीस बँडपासून संस्थानांच्या बँडपर्यंत पसरली ती याच कारणाने. छापील पार्ट समोर ठेवला की ती वाजवू शकत. स्वातंत्र्यानंतर पचमढीला लष्करी संगीताची शाळा निघाली आणि देशी चालींची पानं तयार होऊ लागली. 2022 मध्ये दिल्लीतल्या बीटिंग रिट्रीट या लष्करी बँडच्या समारंभातून ‘अबाइड विथ मी’ वगळून ‘ऐ मेरे वतन के लोगों’ घेतलं, तेव्हा वाद झाला तो वारशाचा आणि भावनेचा. कागदाच्या बाजूने पाहिलं तर फरक निराळा दिसतो. ते ख्रिस्ती भजन मुळातच चार आवाजांत बांधलेलं. ते वाद्यांना वाटून दिलं की काम बरंचसं झालं. सी. रामचंद्रांची चाल एकाच गळ्यासाठी आहे, तिच्यातले हेलकावे आणि थांबे त्या गळ्याचे आहेत. ती बँडला द्यायची तर कोणी तरी बसून प्रत्येक वाद्याचं पान नव्याने लिहावं लागतं, आणि त्याने क्लॅरिनेटला काय दिलं, कॉर्नेटला काय, यावर विजय चौकात त्या संध्याकाळी काय ऐकू येणार हे ठरतं.