निशाणी नांगर, हस्ताक्षर कुलकर्णी

जुना महजर, म्हणजे गावाच्या सभेचा लेखी निवाडा, समोर आला की लोक आधी निकाल विचारतात. पाटीलकी कोणाकडे गेली, शीव कुठून ठरली. मी आधी कागदाच्या तळाशी जाते, कारण तिथे अख्खा गाव हजर असतो. पाटलाच्या नावापुढे नांगर काढलेला, सुताराच्या नावापुढे किंकरं, न्हाव्यापुढे आरसा, परटापुढे मोगरी. पुढच्या काळातल्या खरेदीखतात बाईचं नाव असलं तर बांगडी. अक्षर येत नसेल त्याने आपलं हत्यार काढायचं, तीच त्याची सही. आणि ही सगळी नावं ज्याने लिहिली तो शेवटी ‘हस्ताक्षर’ म्हणून आपलं नाव टाकून मोकळा. त्याला वेगळी निशाणी लागत नसे. डोक्यावरच्या ‘श्री’पासून खालपर्यंतचा कागद हीच त्याची निशाणी.

मोडी वाचून देणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. परवा भाचा कंपनीच्या एका प्रशिक्षणाला जाऊन आला. कामाच्या ठिकाणी आपली छाप कशी पाडावी, असा विषय होता. हस्तांदोलन किती घट्ट असावं, फोटोत खांदे कसे धरावेत, मेलच्या शेवटी काय लिहावं, सगळं शिकवलं म्हणे. “मावशी, माणूस दिसतो कसा यावर निम्मं काम होतं,” तो म्हणाला. मी ज्यांच्या संगतीत दिवस काढते त्यांच्यातला एकही माणूस दिसायला कसा होता, हे कोणालाही ठाऊक नाही. पण त्यांची छाप अडीच-तीनशे वर्षं टिकून आहे. एखाद्या रुमालातला तिसरा-चौथा कागद उलगडला की मी सांगू शकते, हा मघाचाच गडी.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे रुमाल चाळीस हजारांच्या आसपास आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. १९३० ते १९३४ या काळात रियासतकार सरदेसायांनी त्यातून निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले. त्यांत लढाया आहेत, तह आहेत, घरगुती भांडणं आहेत. ज्यांनी ते लिहिलं ते कारकून मात्र छापील पानावर दिसत नाहीत, कारण छापताना पहिली जाते ती वळणाची ओळख. ती पाहायची तर मूळ कागदच हवा.

मोडी लिहिण्याची तऱ्हा अशी. कागद जुन्नरी किंवा दौलताबादी, खळ लावून गुळगुळीत घोटलेला, म्हणजे शाई फुटत नाही. डाव्या बाजूला घडी घालून समास पाडायचा. बोरूचं टोक तिरकं छाटायचं. मग ओळीची रेघ आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून घ्यायची आणि अक्षरं तिच्याखाली टांगत जायची, शक्यतो हात न उचलता. बोरू दौतीत बुडवला की पहिली चार अक्षरं काळीभोर उतरतात, पुढे फिकी होत जातात, पुन्हा काळी. त्यावरून लिहिणारा कुठे थांबला हेही कळतं. सरावाचा कारकून वाक्य पुरं करून बुडवतो. नवशिक्या शब्दाच्या मधेच. कागद संपला तर पुढचा बंद खाली चिकटवायचा आणि मागच्या बाजूने सांध्यावर शिक्का मारायचा, म्हणजे मधला तुकडा कोणी बदलू शकत नाही. मजकूर संपला तिथे मोर्तब, म्हणजे खाली कोणी ओळ घुसडू शकत नाही. कारकुनाची पत जपण्याची एवढी व्यवस्था होती. कारण पत घालवण्याच्या वाटाही तेवढ्याच होत्या.

पेशवाईत या वळणांना नावं पडली होती. चिटणिसी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी. आज गवयाचं घराणं विचारतात तसं तेव्हा कारकुनाचं वळण विचारत असावेत, असं मला वाटतं. चिटणिसी म्हटलं की शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी आठवतात. त्यांची एक गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगतात. महाराजांनी सांगितलेलं पत्र दिवसभराच्या गडबडीत लिहायचं राहिलं. रात्री महाराजांनी वाचून दाखवायला सांगितलं, तर बाळाजींनी कोरा कागद धरून सगळं पत्र मायन्यापासून शेवटापर्यंत घडाघडा म्हटलं. मशालजी हसला आणि बिंग फुटलं. गोष्ट खरी असो नसो, कारकून मंडळींनी ती इतकी वर्षं का जपली ते उघड आहे. कागद हातात नसतानाही मजकूर डोक्यात तयार असणं, ही त्यांच्या लेखी शाबासकीची परमावधी. याच बाळाजींना १६८१ साली संभाजी महाराजांच्या हुकमाने हत्तीच्या पायी देण्यात आलं आणि तरीही त्यांचा मुलगा खंडो बल्लाळ पुढे त्याच राज्याची चिटणिशी करत राहिला. घराण्याचा हात राज्याला सोडवत नव्हता.

अक्षराबद्दल सगळ्यात नेमकं लिहिलंय ते समर्थ रामदासांनी. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. तो बाळबोध अक्षरासाठी, ग्रंथ उतरवणाऱ्यांसाठी आहे, कचेरीच्या मोडीसाठी नाही. पण कुठल्याही कारकुनाने उशाशी घेऊन झोपावं असा आहे. पहिलं अक्षर जसं काढलं तसंच शेवटचं निघावं, सगळा ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा वाटावा. चहूकडे कोरी जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर झडत नाही. मला सगळ्यात आवडते ती बारीक अक्षराबद्दलची ताकीद: तरुणपणी हौसेने फार बारीक लिहाल, ते म्हातारपणी तुमच्याच कामाला येणार नाही. चष्मा लागल्यापासून मला हा समास जास्त पटतो.

वळणाच्या बरोबरीने दुसरी परीक्षा मायन्याची. वडिलांना तीर्थरूप, बरोबरीच्याला राजश्री, धाकट्याला चिरंजीव. वरच्याला विज्ञापना करायची, खालच्याला आज्ञा. शेवट ‘हे विनंती’ की ‘हे आशीर्वाद’ की नुसतं ‘जाणिजे’, यावरून पत्र कोणी कोणाला लिहिलंय ते नाव न वाचता कळतं. एक पायरी चुकली तर समोरचा सरदार रुसायचा, आणि रुसलेला सरदार म्हणजे हजारो घोडी. म्हणून मायन्यांचे तक्ते असत. मेस्तक नावाने जे जुने कागद मिळतात, त्यांत कोणाला कसं लिहावं हे तपशिलाने दिलेलं असतं आणि कारकुनाने कसं वागावं याचाही उपदेश असतो. परंपरा ते हेमाडपंतांच्या नावावर घालते. मोडीही त्यांच्याच नावावर आहे. यादवांच्या या प्रधानाला मराठी माणसाने देवळांपासून लिपीपर्यंत इतकं काही देऊन टाकलंय, की खरं त्यातलं किती हे त्यांनाच विचारावं लागेल.

या साऱ्याचा कळस पुण्याच्या हुजूर दफ्तरात. दोनशेच्या वर कारकून तिथे राबत. एकबेरीज दफ्तरात साऱ्या मुलखाचे हिशेब येऊन पडत आणि त्यांचे वर्षावर्षाचे तर्जुमे निघत. जमा काय, खर्च काय, शिल्लक काय, मागच्या सालाशी ताडून. या व्यवस्थेला शिस्त लावणारा माणूस स्वतः फडणीस. बाळाजी जनार्दन भानू, म्हणजे नाना. तलवारीच्या जोरावर मोठा झालेला नव्हे. पानिपतावरून जीव वाचवून परतलेला. तरी पंचवीस वर्षं मराठी राज्याचा गाडा त्याने हाकला. कारकुनाच्या धंद्याला इतकी उंची पूर्वी कधी नव्हती, पुढेही आली नाही.

पण त्या सुंदर अक्षराकडे खालून पाहायला हवं, जिथे नांगराची निशाणी आहे तिथून. नांगर काढणाऱ्याला वर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. त्याच्यासाठी चिटणिसी वळण आणि कोंबडीचे पाय यांत फरक शून्य. जोतीराव फुल्यांनी ‘ब्राह्मणाचे कसब’ १८६९ साली लिहिलं आणि पुढे ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुलकर्ण्यापासून मामलेदार कचेरीतल्या कारकुनापर्यंत एकेकाचे हात कसे ओले करावे लागतात ते सोलून दाखवलं. मी व्यवसायाने त्या कारकुनांच्या बाजूची, त्यांची अक्षरं पाहून माझा ऊर भरून येतो. तरी फुल्यांशी वाद घालायला माझ्याकडे कागद नाही. असलेले कागद त्यांच्याच बाजूने बोलतात. शंभर रुपयांच्या कर्जखतात जमीन गहाण घालणारी ओळ किती सफाईने, किती वळणदार येते!

१८१८ नंतर मालक बदलला, पेशवाई जाऊन इंग्रज आले. एल्फिन्स्टनने जुने कारकून बरेचसे तसेच ठेवले, कारण गावाचा हिशेब त्यांच्याशिवाय कोणाला वाचता येणार होता? पण साहेबाला वळण कळत नव्हतं. दोन मोडी कागदांतला चांगला कोणता, हे त्याला सांगता येईना. मग तो माणसाकडे पाहू लागला. आणि कारकुनाची कागदावरची पत हळूहळू अंगावर चढली.

अंगरखा, उपरणं, धोतर, डोक्याला पगडी, हा कचेरीचा वेश आधीही होता. आता त्यावर ठराव होऊ लागले. सगळ्यात मोठा तंटा पायांवरून झाला. आपल्याकडे आदर दाखवायचा तर जोडे काढायचे, डोकं झाकलेलं ठेवायचं. साहेबाच्या रीतीत नेमकं उलटं. सुरतेला १८६२ साली माणेकजी कावसजी एन्टी या पारशी गृहस्थांना न्यायालयात जोडे काढायला सांगितलं गेलं आणि प्रकरण गाजलं. पुढच्या सरकारी ठरावांनी तोडगा काढला तो पाहण्यासारखा: पायांत विलायती बूट आणि मोजे असतील तर काढायला नकोत, देशी जोडा असेल तर दाराशी काढावा. म्हणजे अब्रूची किंमत एक जोडी बूट. आजच्या भाषेत सांगायचं तर ही ड्रेस कोडची पहिली मराठी पिढी: वर पुणेरी पगडी, मध्ये लांब कोट, खाली धोतर आणि त्याखाली चकचकीत विलायती बूट. जुन्या फोटोंत हे ध्यान भरपूर दिसतं. आपण हसतो, पण प्रत्येक कपड्यामागे कचेरीतल्या एकेका साहेबाची मर्जी सांभाळलेली असते.

हा खेळ ज्याला नीट कळला होता त्याने तो उलटा फिरवून दाखवला. १८८८ साली राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट पुण्यात आले असता हरी रावजी चिपळूणकरांनी मेजवानी दिली. बडी मंडळी ठेवणीतले पोशाख करून आली; फुले आले ते शेतकऱ्याच्या वेषात. आणि राजपुत्राला त्यांनी सुनावलं, की राणीची खरी प्रजा इथे जमलेली नाही, ती खेड्यात आहे. त्या दिवशी फुल्यांनी नांगराची निशाणी अंगावर घातली होती, असं मी म्हणेन.

पण वेशाने पत मिळते हा हिशेब सगळ्यांना सारखा लागू नव्हता. १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर कोलंबिया आणि लंडनचं शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. सूट होता, इंग्रजी होतं, महाराजांचा आशीर्वाद होता. तरी कचेरीतले शिपाई फायली त्यांच्या टेबलावर लांबून फेकत, असं चरित्रकारांनी नोंदवलंय. राहायला जागा मिळेना म्हणून पारशी धर्मशाळेत उतरले, तिथून काठ्या घेतलेल्या जमावाने हुसकावलं. ही हकिकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवलीय. सूट त्यांनी त्यानंतरही सोडला नाही. भाच्याच्या प्रशिक्षणात हा धडा नव्हता.

गंमत अशी, की त्याच १९१७ साली मुंबई सरकारने कारभारातून मोडी काढून बाळबोध आणायचं ठरवलं. जुन्या हातांनी ती पुढेही कित्येक वर्षं चालवली, पण नव्या पोराला मोडी शिकवायचं कारण उरलं नाही. मग टंकलेखन यंत्र आलं. १९५५ पासून तर गोदरेजचं देशी यंत्रही मिळू लागलं. गल्लोगल्ली टायपिंगचे क्लास निघाले, मिनिटाला तीस-चाळीस शब्दांची परीक्षा पास झालं की नोकरीची वाट मोकळी. टाइप केलेल्या कागदावरून कोणाचं बोट कोणतं ते कळत नाही. कारकुनाला सहीपुरता हात उरला, आणि ओळखीसाठी इस्त्रीचा शर्ट.

आता माझ्याकडे गर्दी आहे ती वेगळ्याच कारणाने. २०२३ च्या अखेरीस न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळे मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि राज्यभर मोडी वाचणाऱ्यांना शोधत गाड्या फिरू लागल्या. लोक मोबाइलवर फोटो घेऊन येतात. बहुतेक गाव नमुना १४ ची पानं, ज्याला कोतवाल बुक म्हणतात: कोण जन्मलं, कोण मेलं, बापाचं नाव, जात. वेळ नसलेल्या गावकामगाराने, मिळेल त्या टाकाने, एका ओळीत कोंबलेलं. रेघ नाही, समास नाही, शाई उडालेली, आणि जातीच्या रकान्यात कधी नुसता ‘कु’. त्या एका अक्षरावर तीन घरांचे दाखले अडलेले असतात आणि ती माणसं माझ्या तोंडाकडे बघत बसलेली असतात. तो ‘कु’च आहे की नुसता शाईचा फराटा, हे ठरवायला मी त्याच पानावरचे बाकीचे ‘क’ काढून शेजारी मांडते; या गड्याला ‘क’ पुरता करायची सवय होती की अर्ध्यात सोडायची, ते पाहते. चिटणिसी वळणाचं पत्र मी चहा संपेपर्यंत वाचून देते. कोतवाल बुकाच्या पानाला मात्र दर दुप्पट लावते.