लॅटिन नामे आणि आपली विभक्ती

कऱ्हेच्या काठी, बारामतीत, मोरोपंत (१७२९–१७९४) आर्यांमागून आर्या रचीत होते. त्याच काळात, १७८६ साली, कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढे सर विल्यम जोन्स यांनी असे प्रतिपादन केले की, संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांतील धातू व व्याकरणाची रूपे इतकी जुळतात की या भाषांचे मूळ एकच असावे. जोन्स यांचा हा पुरावा पंतांच्या रोजच्या हाताळणीतला होता. आर्येच्या मात्रा जुळविताना कर्ता मागे गेला, कर्म पुढे आले, तरी अर्थ ढळत नाही; कारण त्याचा भार विभक्तीच वाहते.

लॅटिनचा कारभार असाच आहे. ‘देउस् होमिनेम् अमत्’ म्हणजे देव मनुष्यावर प्रेम करतो. ‘होमिनेम् देउस् अमत्’ म्हटले तरी अर्थ तोच राहतो; ‘एम्’ हा शेवट कर्म कोणते ते सांगतो. इंग्रजीत मात्र असे शब्द हलविले की प्रेम करणाराच बदलतो! आता आपली रूपे शेजारी ठेवावीत: पितरम् व पात्रेम्, नावम् व नावेम्, पितृभ्यः व पात्रिबुस्. ज्याने बालपणी रूपावली म्हटली आहे, त्याला हे चेहरे अनोळखी वाटणार नाहीत. मराठीप्रमाणेच लॅटिननेही द्विवचन टाकून दिले. विभक्ती सहाच उरल्या; तृतीयेचे व सप्तमीचे काम बहुतेक पंचमीच्या गळ्यात पडले. ‘रोमाए’ म्हणजे रोमात, अशी सप्तमीची खूण काही स्थलनामांत तेवढी राहिली.

नावांची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. आपल्या विभक्तींना क्रमांक आहेत. अर्थाची नावे पाणिनीने कारकांना दिली. रोमन लोकांनी ती थेट विभक्तींनाच दिली. त्यांची ‘दातिवुस्’ म्हणजे देण्याची, आणि ‘आब्लातिवुस्’ म्हणजे दूर नेण्याची. आपल्या संप्रदान व अपादान या संज्ञांशी त्यांचा मेळ कोणासही दिसेल. द्वितीयेच्या नावात मात्र घोटाळा झाला. ग्रीक संज्ञेचा रोख क्रियेचा परिणाम ज्यावर होतो त्याकडे होता. रोमन वैयाकरणांनी तिचा अर्थ ‘आरोप करणारी’ असा घेतला, आणि ‘आक्कुसातिवुस्’ हे नाव आजतागायत युरोपातील मुलांच्या माथी आहे.

संज्ञेतील चुकीने इतकेच होते. सबंध साचाच परका असला तर काय होते, हे आपल्याच किनाऱ्यावर दिसले. १५७९ साली गोव्यास आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली प्रसिद्ध झाले, हे मराठी वाचकांस ठाऊक आहे. त्यांनी कोंकणीचे व्याकरणही पोर्तुगीजात लिहिले. ते त्यांच्या निधनानंतर, १६४० साली, राचोल येथे छापले गेले. हिंदुस्थानातील भाषेचे ते आद्य छापील व्याकरण मानतात. त्याची बैठक लॅटिन व्याकरणाची आहे. त्या काळी युरोपीय पंडितापाशी दुसरा साचा नव्हता, म्हणून त्यांस दोष देता येत नाही. पण ‘रामाने रावणास मारिले’ हे वाक्य त्या साच्यात नीट बसत नाही. लॅटिनात अशा कर्तरी वाक्यातला कर्ता प्रथमेतच राहतो. आपल्याकडे तो तृतीयेत जातो, आणि क्रियापद रामाकडे पाहत नाही.

लॅटिन शिकू इच्छिणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास यातून दोन गोष्टी मिळतात. रूपे पाठ करण्याचे अर्धे कष्ट संस्कृताने आधीच उचलले आहेत. उरलेले काम पाठांतराचे नसून विचारण्याचे आहे: हे नाम या क्रियेत काय करते? देते, घेते, सोसते, की हाक ऐकते? हा प्रश्न न विचारता केलेली घोकंपट्टी लॅटिनात फसते आणि संस्कृतातही फसते. आणि रूपावलीला कंटाळलेली आपल्या घरातील कितीतरी मुले दोन्ही भाषांना मुकली, त्याचे कारण बहुधा हेच.