वेताळाचे वतन : ली फॉक यांचे चित्रकथालेखन आणि त्याचे मराठी वाचन

ली फॉक या नावाला मराठी वाङ्मयेतिहासात स्थान नाही. ते असावे असा आग्रह धरण्याचेही कारण नाही. तथापि मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया प्रकाशनाने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही माला सुरू केली आणि इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी व अन्य भारतीय भाषांतून तिचे अंक निघाले, तेव्हा मराठी मुलांच्या किमान एका पिढीच्या हाती या लेखकाची संहिता पडली. ती ‘फँटम’ या नावाने नव्हे, तर ‘वेताळ’ या नावाने पडली, आणि येथेच प्रश्न सुरू होतो. एका अमेरिकन वृत्तपत्रीय चित्रपट्टीचा नायक मराठीत आल्यावर त्याला गावकुसाबाहेरच्या दैवताचे नाव मिळाले. चित्रे मात्र होती तशीच राहिली. नाव आणि चित्र यांच्यातील ही फट बालवाङ्मयाच्या सदरात टाकून सोडून देण्याइतकी क्षुल्लक नाही.

फॉक यांचा जन्म २८ एप्रिल १९११ रोजी सेंट लुई येथला. मूळ नाव लिऑन हॅरिसन ग्रॉस. ‘जादूगार मँड्रेक’ ही त्यांची पहिली चित्रपट्टी ११ जून १९३४ रोजी आणि ‘फँटम’ १७ फेब्रुवारी १९३६ रोजी सुरू झाली. मँड्रेकची चित्रे पुढे फिल डेव्हिस यांनी, फँटमची प्रथम रे मूर, नंतर विल्सन मकॉय आणि १९६१ पासून दीर्घकाळ सी बॅरी यांनी काढली. लेखन मात्र १३ मार्च १९९९ रोजी निधन होईपर्यंत फॉक यांचेच राहिले. त्रेसष्ट वर्षे एकच नायक एका लेखकाच्या हाती असणे या व्यवसायात विरळच. फॉक यांचे दुसरे आयुष्य रंगभूमीवर गेले. त्यांनी नाट्यगृहे चालवली, शेकडो नाटकांची निर्मिती केली आणि मार्लन ब्रँडोसारख्या नटाला शॉच्या नाटकात उभे केले. त्यांच्या चित्रकथांतील प्रवेश, नेपथ्य आणि मुखवट्याचे भान यांचे मूळ या नाट्यव्यवहारात शोधता येईल. तो स्वतंत्र विषय आहे. येथे अधिक महत्त्वाची आहे ती एक लहानशी गोष्ट. चित्रपट्टीच्या आरंभकाळी प्रसृत झालेल्या परिचयात फॉक हे जगभर हिंडलेले, पूर्वेकडील गूढवाद्यांजवळ शिकलेले गृहस्थ म्हणून वर्णिले गेले. प्रत्यक्षात तोवर त्यांनी मध्य अमेरिकेबाहेरचे जग फारसे पाहिलेले नव्हते. म्हणजे पौर्वात्य जगाविषयीचे हे लेखन अनुभवातून नव्हे, तर वाचनातून, आधीच सिद्ध असलेल्या एका ग्रंथालयातून आले.

त्या ग्रंथालयात किपलिंग होते, हे फॉक यांच्या वाङ्मयीन ऋणांत नेहमी नोंदवले जाते. वेताळाच्या निष्ठावंत बुटक्या जमातीचे नाव ‘बंदर’ असे आहे. ‘जंगल बुक’मधील (१८९४) वानरांची टोळी म्हणजे ‘बंदर-लोग’. प्राण्यांच्या जगातून उचललेले नाव माणसांच्या जमातीला लावताना लेखकाला काही खटकले नसावे. मराठीत बंदर म्हणजे जहाजे लागण्याची जागा. परंतु हिंदी आणि दखनी कानावर असलेल्या मराठवाड्यातील वाचकाला त्या शब्दात माकडच ऐकू येणार. मूळ इंग्रजी वाचकाला जो अपमान ऐकू येत नाही, तो येथे मोठ्याने ऐकू येतो.

पहिल्या फँटमकथेतील खलशक्ती म्हणजे ‘सिंग ब्रदरहूड’ ही समुद्री चाच्यांची गुप्त संघटना. चार शतकांपूर्वी या चाच्यांनी एका जहाजावरील सर्वांना ठार केले. वाचलेला एकमेव तरुण किनाऱ्याला लागला. पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्या नाशाची शपथ घेतली. त्याच्या वंशातील प्रत्येक पुत्राने ती पुढे चालवली. सुरुवातीच्या कथांचा भूगोल भारत आणि पूर्वेकडील समुद्र यांच्या आसपास घोटाळतो. पुढे तो आफ्रिकेत स्थिरावतो. चाच्यांचे नाव ‘सिंग’ का, याचे उत्तर कथेत नाही. ते द्यायची गरज लेखकाला वाटली नाही, कारण ‘गुप्त, धर्मबद्ध, पिढीजात खुनी भारतीय’ ही प्रतिमा इंग्रजी वाचकापाशी शंभर वर्षे तयार होती.

तिच्या घडणीत आजच्या हिंगोली जिल्ह्याचा वाटा आहे. हिंगोली ही निजामाच्या राज्यातील कंटिंजेंट फौजेची छावणी होती. निजामाच्या चाकरीत असलेल्या फिलिप मेडोज टेलर यांनी ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी १८३९ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या प्रस्तावनेत हिंगोलीच्या हरीसिंग नावाच्या व्यापाऱ्याची हकीकत येते. हा गावातला प्रतिष्ठित सावकार. टेलर यांनी स्वतःही त्याच्याशी व्यवहार केलेला. मुंबईहून येणाऱ्या कापडासाठी त्याने छावणीवरील इंग्रज अधिकाऱ्याकडून परवाना घेतला, वाटेत मूळ व्यापाऱ्याचा त्याच्या माणसांसह खून केला आणि तोच माल त्याच परवान्यावर छावणीत आणून उघडपणे विकला. छावणीच्या बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर खून पडत होते आणि प्रेते पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जवळच पुरली जात होती, असेही टेलर सांगतात. हे सारे उघड झाले ते पकडल्यानंतरच्या कबुलीजबाबातून. ठगांविषयीच्या अशा कबुल्यांचे वाचन आता पूर्वीच्या भाबडेपणाने करता येत नाही. किम वॅगनर यांच्या २००७ मधील ग्रंथापर्यंत आलेल्या संशोधनाने ठगी नावाच्या अखंड भारतीय धर्मपंथाची कल्पना वसाहती दप्तराने कशी रचली याची पुरेशी चिकित्सा केली आहे. लूट आणि खून झाले नाहीत असा याचा अर्थ नव्हे. त्यांना जे एकसंध, वांशिक आणि धार्मिक रूप देण्यात आले, त्याविषयी हा संशय आहे.

हिंगोलीचा हरीसिंग आणि फॉक यांचे सिंग चाचे यांच्यात नामसाम्य आहे. त्यावरून प्रभाव सिद्ध होत नाही आणि तसा दावा येथे अभिप्रेतही नाही. साम्य आहे ते रचनेचे. हरीसिंग दुहेरी आयुष्य जगतो. दिवसा सावकार, रात्री ठग. फॉक यांचा नायकही दुहेरी आयुष्य जगतो. जंगलात मुखवटा, शहरात ओव्हरकोट आणि काळा चष्मा लावलेला ‘मिस्टर वॉकर’. पुढे १९३८ मध्ये आलेल्या सुपरमॅनपासून सगळ्या अतिमानवी नायकांनी हीच दुहेरी ओळख उचलली. परंतु एकाच युक्तीला दोन नैतिक मोले लाभली आहेत. एतद्देशीयाने दोन चेहरे बाळगले तर ती ठगी; गोऱ्या पुरुषाने बाळगले तर ते लोकरक्षण. टेलरच्या प्रस्तावनेतील भय आणि फॉकच्या चित्रपट्टीतील आश्वासन ही एकाच मनोरचनेची दोन टोके आहेत, असे म्हणता येते.

फँटमपाशी अमानुषी शक्ती नाही. तो मरतो, त्याच्या जागी त्याचा मुलगा येतो, जंगलातील लोकांना मात्र तो अमर वाटतो. १९६२ मधील सुपरमॅनविषयक निबंधात उंबेर्तो एको यांनी दाखवले की मालिकेतील नायक कालप्रवाहात उतरला की तो झिजू लागतो, म्हणून काळच धूसर ठेवावा लागतो. फॉक यांनी ही अडचण निराळ्या मार्गाने सोडवली. माणूस मर्त्य ठेवला, पद अमर केले. ही युक्ती कल्पक आहे आणि या लेखकाचे खरे सामर्थ्य तिच्यात आहे. एकविसाव्या फँटमची कथा सांगताना आठव्या किंवा तेराव्याची कथा सांगण्याची मुभा तिने दिली. गुहेतील रोजनिशांच्या बाडांनी त्या नायकाला स्वतःचा इतिहास दिला. बखरी आणि दप्तरे यांची सवय असलेल्या मराठी वाचकाला हे परके वाटले नाही. एका नावाने चालणारी गादी, बापाकडून मुलाकडे जाणारी कामगिरी, तिच्याबरोबर येणारी मुद्रा आणि मान, हे सारे आपल्याकडच्या वतनाचेच रूप आहे. फँटमचे संरक्षण हे जंगलाचे वतन आहे. फरक इतकाच की हे वतन कोणा राजाने दिलेले नाही. ते स्वतःच घेतलेले आहे.

या युक्तीची किंमत मात्र जंगलातील माणसे मोजतात. नायक अमर नाही हे तीन पक्षांना ठाऊक असते : त्याच्या घरच्यांना, बंदर जमातीला आणि वाचकाला. बाकीचे सारे रहिवासी भ्रमात असतात आणि राज्य चालते ते त्यांच्या भ्रमावर. म्हणजे वाचनाचा आनंद रहस्यातील भागीदारीचा आहे. वाचक मुखवट्याच्या आतल्या बाजूला बसलेला असतो. फ्रांझ फॅनन यांनी १९५२ मध्ये लिहिले की अँटिलीसमधला काळा मुलगा साहसकथा वाचताना गोऱ्या शोधकाशी एकरूप होतो, रानटी म्हणून रंगवलेल्यांशी नव्हे. इंद्रजालचा अंक वाचणारा मराठी मुलगाही त्याच जागी बसवला गेला, असे म्हणून हा विषय संपवता आला असता. चिलीत डॉर्फमन व मॅटलार्ट यांनी १९७१ मध्ये डोनाल्ड डकचे जे वाचन केले, त्याच चालीने येथेही निकाल देता येईल. परंतु मराठीत एक अडथळा आहे, आणि तो ‘वेताळ’ या शब्दाचा आहे.

वेताळ मराठीत नवा नव्हता. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ १८३० ची. म्हणजे मराठी मुद्रित गद्याच्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी एक. ‘चांदोबा’ मासिकातून हाच वेताळ विक्रमाच्या खांद्यावरून दरमहा गोष्ट सांगत असे. त्यामुळे काही वर्षे मराठी मुलाच्या घरात दोन वेताळ एकाच वेळी नांदले : एक झाडाला लटकणारा, प्रश्न विचारणारा, दुसरा पांढऱ्या घोड्यावरचा, ठोसा मारणारा. या ग्रांथिक वेताळाच्या मागे लोकधर्मातला वेताळ उभा आहे. तो भुतांचा अधिपती आणि गावाच्या सीमेचा राखणदार. गोव्यात लोलये येथे त्याची भव्य पाषाणमूर्ती आहे, पुण्यात टेकडीला त्याचे नाव आहे. अमावास्येच्या रात्री मशाली घेऊन त्याची फेरी निघते, अशी कोकणातली समजूत. हा वेताळ भास नाही. ‘फँटम’ या इंग्रजी शब्दात जो आभासाचा अर्थ आहे, तो ‘वेताळ’ म्हणताच गळून पडतो.

परिणामी अनुवादात अर्थाची उलटापालट झाली. मूळ संहितेत श्रद्धावान हे फसलेले लोक आहेत. मराठी नावाने नायकाला ज्या जगात नेऊन ठेवले, तेथे वेताळावर श्रद्धा असणारे म्हणजे वाचकाच्याच गावचे लोक आहेत, कदाचित त्याची आजी आहे. मुखवट्याच्या आत बसवलेला वाचक नावामुळे पुन्हा बाहेर, मानकऱ्यांच्या आणि भगतांच्या रांगेत येऊन उभा राहतो. दोन्ही जागी तो एकाच वेळी असतो. अनुवादकाने हे योजून केले असे मानण्याचे कारण नाही. चित्रकथेचा अनुवाद संवादफुग्याच्या आकारात बसवायचा असतो, आणि तीन अक्षरांचे, भूत सुचवणारे, तरी भीती न घालणारे नाव सोयीचे होते. भाषेने मात्र आपले काम केले. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ प्रदेशातील वाहगी योद्ध्यांनी फँटमचे चित्र आपल्या युद्धढालींवर रंगवले, हे उदाहरणही याच जातीचे आहे. मालक बदलला की प्रतिमेचा अर्थही मालकाबरोबर जातो.

संपादकीय पातळीवर जे बदल जाणूनबुजून झाले, ते अधिक सावध होते. इंद्रजालच्या आवृत्तीत बंगाला देशाचे ‘डेंकाली’ झाले, ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ झाले, मारेकरी रामाचा ‘रामालू’ झाला. भारतीय वाचकाला झोंबेल ते काढले गेले. पण एक अक्षर वाढवल्याने रचना बदलत नाही. सिंगा टोळीत जन्मलेला चाचाच होतो आणि वेताळाच्या घरात जन्मलेला वेताळच होतो. गुन्हा आणि पुण्य दोन्ही रक्तातून येतात. हे तत्त्व १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचेही होते, आणि ठगीविरोधी मोहिमेच्या दप्तरातून त्या कायद्याकडे जाणारी वाट इतिहासकारांनी दाखवली आहे. तो कायदा १९५२ मध्ये गेला. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि मराठवाड्यातल्याच लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ (१९८७) ही आत्मकथने इंद्रजालच्या मराठी अंकांची समकालीन आहेत. एकाच दशकात, एकाच भाषेत, एकीकडे जन्मजात गुन्हेगारीचे रंजन विकले जात होते आणि दुसरीकडे तो शिक्का ज्यांच्या कपाळी मारला गेला ते आपले म्हणणे मांडत होते. मराठी समीक्षेने या दोन संहिता शेजारी ठेवून वाचायला हव्या होत्या.

मराठी लेखकांनी स्वतःचा मुखवटाधारी नायक निर्माण केला नाही असे नाही. बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांतील काळापहाड आणि झुंजार हे त्याच कुळातले. परंतु ते गद्यातले आणि मुंबईतले. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर मुखवटाही घालत नाही, आणि कोणाचा वारसही नाही. चित्रकथेत मात्र फॉक यांना उत्तर आले ते मराठीतून नव्हे. आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ १९७६ मध्ये इंद्रजालमध्येच अवतरला. चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. कुर्ता आणि जीन घालणारा हा तरुण पोलिसांच्या हातून मारल्या गेलेल्या दरोडेखोराचा मुलगा आहे आणि तो एका पोलीस अधिकाऱ्याच्या सांभाळाखाली वाढतो. तो बापाची गादी चालवत नाही. त्याचे नागरिक सुरक्षा दल गावकऱ्यांचे असते. त्यात कोणाला फसवून ठेवावे लागत नाही. बहादूरच्या कथांची बांधणी फॉक यांच्याइतकी चिरेबंद नाही, संवादही पुष्कळदा सपाट आहेत. पण ज्या मालेत एकवीस पिढ्यांचे वतन दर आठवड्याला मिरवत होते, त्याच मालेत वारसा नाकारणारा नायक याच लेखकाने उभा केला. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडले. फॉक यांचा वेताळ अमेरिकन वृत्तपत्रांतून पुढेही चालू राहिला.