फ्लोबेरची हस्तलिखिते आणि त्यांचे पहिले श्रोते

अप्रकाशित लेखन मित्रांना वाचून दाखवून त्यांचे मत घेण्याची चाल जुनीच आहे. परंतु त्या मताचे पुढे काय झाले, हे सांगणारी साधने क्वचितच हाती लागतात. फ्रेंच कादंबरीकार गुस्ताव्ह फ्लोबेर याच्या बाबतीत ती उपलब्ध आहेत.

१८४९ च्या सप्टेंबरात, रूआं शहरानजीकच्या क्रवासे येथील घरी, फ्लोबेरने ‘संत आंत्वानचे प्रलोभन’ या कृतीचा पहिला खर्डा लुई बुइये व माक्सिम द्यु कां या मित्रांना वाचून दाखविला. हे वाचन चार दिवस, रोज आठ तास, असे चालले. शेवटचे पान संपेपर्यंत कोणी मत देऊ नये, असे आधीच ठरले होते. रोज रात्री फ्लोबेरची आई उत्सुकतेने विचारपूस करी आणि दोघेही निरुत्तर होत. अखेर निर्णय मिळाला तो असा की, हस्तलिखित अग्नीत टाकावे व त्याचे नाव पुन्हा काढू नये. पुढे एखादा साधा, रोजच्या जीवनातला विषय घ्यावा.

हा वृत्तान्त मुख्यतः द्यु कांच्या आठवणींवर आधारलेला आहे, आणि त्या प्रसिद्ध झाल्या तेव्हा बुइये (मृत्यू १८६९) व फ्लोबेर (मृत्यू १८८०) हे दोघेही हयात नव्हते. ‘मादाम बोव्हारी’चे कथाबीज, म्हणजे नॉर्मंडीतील देलामार नामक वैद्याच्या घरची हकीकत, बुइयेने याच प्रसंगी सुचविली, हे त्यांचे विधान तर जपूनच स्वीकारावे लागते, कारण तो वैद्य वारला त्याच वर्षीच्या डिसेंबरात. निर्णयाच्या आशयाला मात्र खुद्द लेखकाच्या पत्रांचा दुजोरा आहे. १८५२ मध्ये लुईझ कोले हिला लिहिताना त्याने कबूल केले की, त्या कृतीत मोती होते, त्यांना ओवणारा दोरा नव्हता. तेव्हा श्रोत्यांचे निदान बरोबर होते. चुकला तो उपचार. बत्तीस तास मौन पाळून शेवटी एकदम शिक्षा सुनावणाऱ्या परीक्षकाकडून दुरुस्तीची वाट दाखविली जाणे कठीणच.

१८५१ च्या सप्टेंबरात ‘मादाम बोव्हारी’चे लेखन सुरू झाले तेव्हा पद्धत बदलली. रूआंमध्ये शिकवण्या करून गुजराण करणारा कवी बुइये दर रविवारी क्रवासे येथे येई व आठवड्यात लिहिलेली पाने ऐके. तो १८५३ च्या अखेरीस पॅरिसला गेल्यावर हेच काम पत्रांनी चालले. येथे चर्चा कृतीच्या भवितव्याची नव्हती, समोरच्या परिच्छेदाची होती. मुलांच्या एका खेळण्याचे लांबलचक वर्णन फ्लोबेरला फार प्रिय होते. ते कथेला अडवते, असे बुइयेचे म्हणणे. द्यु कां सांगतात की, हा वाद आठवड्याहून अधिक चालला आणि शेवटी खेळणे पुस्तकातून गेले. लेखक आठ दिवस भांडला, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. मुकाट्याने मान्य केलेल्या सूचनेला एवढी किंमत क्वचितच येते.

तिसरा अभिप्राय निराळ्या जातीचा होता. १८५६ साली द्यु कां ‘रव्ह्यू द पारी’च्या चालकांपैकी एक होते. कादंबरी फुगली आहे, काटछाट मंडळावर सोपवावी, शंभरेक फ्रँकांत एखादा जाणकार ती करून देईल, असे त्यांनी जुलैत कळविले. फ्लोबेरने त्या पत्राच्या पाठीवर एकच उपरोधिक शब्द लिहून ठेवला. मित्राच्या लेखणीतून आता नियतकालिकाची भीती बोलत होती. ऑक्टोबरपासून कादंबरी क्रमशः छापली जाऊ लागली. १ डिसेंबरच्या अंकात घोडागाडीचा प्रसंग गाळला गेला, आणि १५ डिसेंबरच्या अंकात लेखकाने अशा कापलेल्या मजकुराची जबाबदारी नाकारणारी टीप छापविली. एवढे करूनही खटला टळला नाही. जानेवारी १८५७ मध्ये तो चालला आणि ७ फेब्रुवारीस फ्लोबेर निर्दोष सुटला. त्याच वर्षी निघालेल्या पुस्तकात गाळलेला प्रसंग परत आला. पुस्तक अर्पण केले गेले बुइयेला. बचावाचे वकील सेनार यांचा कृतज्ञ उल्लेखही आरंभी आला.

अग्नीत टाकण्यास सांगितलेले हस्तलिखित फ्लोबेरने जपून ठेवले होते. त्याचे काही भाग १८५६-५७ मध्ये ‘लार्तिस्त’ नियतकालिकात आले, आणि पुन्हा लिहिलेली संपूर्ण कृती १८७४ साली, बुइयेच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, प्रकाशित झाली.