गिरणगावचा नकाशा आणि एक शब्द

नकाशा वास्तुशिल्पी काढतो. जमीन कोणाची, हे नियमातला शब्द ठरवितो. मुंबईचे गिरणगाव याला साक्ष आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९१ च्या नियमाने त्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरविले: एक महापालिकेच्या मोकळ्या जागांना, एक सरकारी घरबांधणीला, एक मालकाला. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा एकत्रित आराखडा मांडला. परंतु २००१ च्या दुरुस्तीने वाटणी केवळ 'मोकळ्या' जमिनीपुरती उरली. गिरणीची जमीन तर साचेखात्यांनी नि गोदामांनीच व्यापलेली! मैदाने आणि कामगारांची घरे आक्रसली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही दुरुस्ती ग्राह्य धरली. तेव्हा श्रोतेहो, आराखड्याची रेषा पाहाच. पण नियमाचा शब्द आधी वाचा.